दवावरची रेघ

“मेलेला माणूस सूप पितो का?”

समोर बसलेल्या बाईने हे इतक्या सरळ आवाजात विचारलं, की डॉक्टरांच्या हातातला चहाचा कप तोंडापाशीच थांबला. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना आणि त्यांच्या आत्याचं खाजगी तपासाचं ऑफिस एकाच मजल्यावर होतं आणि बाहेरचं बाक दोघांत मिळून एकच. त्यामुळे दाढ धरून बसलेला आणि कपाळाला हात लावून बसलेला, असे दोघे मांडीला मांडी लावून बसत. त्यातला कोण कोणाकडे आलाय हे डॉक्टरांना बहुतेक वेळा ओळखता येई.

आत्याने पापणीसुद्धा हलवली नाही. “सगळं पितो की उरवतो?”

बाईने पहिल्यांदाच मान वर केली. “अर्धं पितो. पावही मोडून खातो.”

मग हळूहळू हकीकत बाहेर आली. समुद्रकाठच्या कड्यावर तिच्या आईवडिलांचं हॉटेल होतं. मोठं, नावाजलेलं, भोवती गोल्फचं मैदान. वडिलांना सगळे कॅप्टन म्हणत. ते ना फौजेत होते ना जहाजावर, पण गोल्फ क्लबचे आजन्म कॅप्टन होते. रोज पहाटे उठून ते मैदानाच्या शेवटच्या टोकाला, अगदी कड्यालगत, एकटेच खेळत. गेल्या वर्षी याच दिवसांत तिथून ते खाली पडले. समुद्राने त्यांना खडकांत आणून टाकलं.

“अजून नीट उजाडलंही नव्हतं,” ती सांगत होती. “ह्यांनी मला हलवून उठवलं. खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. म्हणाले, बाबा गेले. मी तशीच धावले. मैदानाचा मुकादम तिथे उभा होता. त्यानेच फोन केला होता खोलीवर. हिरवळीच्या मधोमध, झेंड्याशेजारी बाबांची गोल्फच्या काठ्यांची बॅग उभी, आणि तिच्यावर त्यांची टोपी. मला वाटलं, आत्ता कुठूनतरी येतील आणि टोपी घालून चालू लागतील.”

तेव्हापासून आईने जेवण टाकलं. रोज संध्याकाळी खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, समोर नवऱ्याचं ताट मांडायला लावायचं, आणि त्या ताटाकडे बघत स्वतःचं गार होऊ द्यायचं. अंगावर मूठभर मांस उरलं नाही. मग थंडी सुरू झाली आणि एके संध्याकाळी समोरच्या वाडग्यातलं सूप अर्धं झालेलं दिसलं. त्या दिवसापासून आई जेवायला लागली.

“भीती वाटली, पण बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?” लेक म्हणाली. “नंतर ती रेघ दिसायला लागली. पहाटे दव पडलेलं असतं ना, त्यावर. क्लबच्या पायऱ्यांपासून निघते, झेंड्यापाशी जाते आणि तिथून कड्यावर. परत येत नाही. आई म्हणते, ते न्यायला येतात. परवा वर्ष होतंय. परवा सकाळी ती त्यांच्याबरोबर जाणार आहे.”

“दाराला कुलूप लावा,” डॉक्टर म्हणाले.

“किती दिवस?” लेकीने विचारलं, आणि डॉक्टरांना चहा एकदम कडू लागला.

तिच्या नवऱ्याचं म्हणणं होतं, की म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेला हात लावू नये. काका, म्हणजे कॅप्टनांचा धाकटा भाऊ, असल्या गोष्टी निघाल्या की उठून जात. आत्याकडे ती कोणाला न सांगता आली होती.

आत्याने चष्मा पुसला. “भाच्या, तुझे दात दोन दिवस थांबतील का?”

“माझे थांबतील. लोकांचे दुखतील.”

“दुखू देत. दुखण्याने कोणी मरत नाही. तिकडे मात्र बाई मरायला निघालीय.”

संध्याकाळी दोघं पाहुणे म्हणून हॉटेलात उतरले. खोलीत पाय टाकताच डॉक्टर हरखून गेले. उशा कोणत्या हव्यात, मऊ की कडक, हे विचारायला माणूस आला. न्हाणीघर त्यांच्या दवाखान्याहून मोठं होतं आणि आंघोळीनंतरचा झगा इतका ऊबदार, की तो घालूनच जेवायला जावं असं त्यांच्या मनात आलं. पण हंगाम संपलेला होता. लांबलचक बोळांत गालिचा एवढा जाड, की स्वतःची पावलंही ऐकू येईनात. लिफ्ट न बोलावता येऊन उभी राही, दार उघडे, आत कोणी नसे. आणि सगळ्याच्या खाली समुद्राचा दणका. कानांना नव्हे, तळपायांना कळणारा. झगा काढून डॉक्टरांनी मुकाट्याने कोट चढवला.

जेवणघरातली टेबलं पांढऱ्या चादरी घालून मांडलेली होती, पण माणसं मोजकीच. खिडकीजवळ लेकीची आई, हॉटेलभर सगळ्यांच्या बाईसाहेब, बसल्या होत्या. काठीसारख्या वाळलेल्या, केस नीट विंचरलेले, नजर समोरच्या मखमली खुर्चीवर. लेकीने ओळख करून दिली तेव्हा त्या हसल्या आणि शेजारच्या टेबलाशी बसा म्हणाल्या. वेड्या मुळीच वाटत नव्हत्या. डॉक्टरांना तेच जास्त भीतिदायक वाटलं.

“त्या पहाटे मी खिडकीत उभी होते,” आत्याने विचारायच्या आतच त्या बोलू लागल्या. “धुकं होतं. हिरवळीवर दोघंजण चालले होते. ते एकटे नव्हते. मी सगळ्यांना सांगितलं. लेक म्हणते, आई, तू झोपेची गोळी घेतली होतीस. दीर म्हणतात, धुक्यात झाडंसुद्धा चालतात. मग मी सांगायचं सोडून दिलं. एक जावई तेवढा आस्थेने विचारतो. रोज येतो, पायाशी बसतो, म्हणतो, आई, दुसरा कोण होता, आठवलं का काही? गुणी आहे पोरगा.”

सूप आलं. वाढणारा हेड वेटर उतारवयाचा, पांढऱ्या मिशांचा. त्याला सारं हॉटेल मामा म्हणे. त्याने आधी रिकाम्या खुर्चीपुढे वाडगा ठेवला, मग बाईसाहेबांपुढे. दोन चमचे घेऊन बाईसाहेब उठल्या.

“चला, बाहेर व्हरांड्यात जाऊ. मी रोज जाते. इथे थांबू नका. कोणी बघत असलं की ते येत नाहीत.”

बाहेर अंधार पडत होता. वारा बोचत होता. डॉक्टर कॉलर वर करून उभे राहिले आणि कढत सुपाचा विचार करत राहिले. परत आले तेव्हा रिकाम्या खुर्चीपुढचा वाडगा अर्धा झाला होता, चमचा ओला होता आणि पाव मोडलेला होता.

डॉक्टर दोन पावलं अलीकडेच थबकले. बाईसाहेब मात्र शांतपणे बसल्या आणि जेवू लागल्या. लहान मुलाला कोणी सोबतीला बसलं की ते जसं जेवतं, तशा.

आत्याने रुमाल पाडला आणि उचलायला वाकली. “खुर्चीची मखमल बघ,” ती पुटपुटली. ब्रश फिरवलेली मखमल एकसारखी चमकत होती. कोणी बसल्याची खूण नव्हती. खुर्ची टेबलापासून तसूभरही हललेली नव्हती.

“भुताला वजन कुठून असणार?” डॉक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“वजन नसेल. पण चुरा सांडतो त्याचा. आणि तोही खुर्चीच्या उजव्या बाजूला, खाली गालिच्यावर.”

सकाळी आत्याने त्यांना हलवून जागं केलं. खिडकीबाहेर उजाडत होतं. सगळी हिरवळ दवाने रुपेरी झाली होती, आणि त्या रुपेरी पसाऱ्यावर काळपट रेघ. क्लबच्या पायऱ्यांवरून निघालेली, झेंड्यापाशी पोचलेली, तिथून सरळ कड्याच्या काठावर. पुढे नुसता समुद्र. वरच्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज आला. बाईसाहेबही बघत होत्या.

“जा,” आत्या म्हणाली. “त्या रेघेवरूनच चालत काठापर्यंत जा आणि तिच्यावरूनच परत ये. इकडे तिकडे पाय टाकू नकोस.”

“मी? आत्ता? अनवाणी?”

“बूट घालायला कोण नको म्हणतंय?”

डॉक्टरांनी बूट घातले, सवयीने औषधांची पिशवी उचलली आणि ते निघाले. झेंड्याभोवतीचं गवत गालिच्यासारखं बारीक कापलेलं होतं. त्यावर पाऊल उमटत नव्हतं, नुसतं दव पुसलं जात होतं. काठाशी जाऊन त्यांनी खाली डोकावलं आणि लगेच मान मागे घेतली. परतताना झेंड्यापाशी शिंक आली, म्हणून हातातली पिशवी खाली ठेवून ते रुमाल शोधू लागले.

“उचला ती!” मुकादम धावतच आला. मैदानाची सगळी निगा त्याच्याकडे होती. पिशवी त्याने स्वतःच उचलून हिरवळीच्या बाहेर उतारावर नेऊन ठेवली, मग ओशाळला. “माफ करा साहेब. पण ग्रीनवर, म्हणजे या झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर, बॅग, छत्री, काही म्हणजे काही ठेवत नाहीत. सगळं बाहेर ठेवून यायचं. कॅप्टनसाहेबांनी एका बड्या पाहुण्याला एवढ्यावरून खेळ अर्धा टाकून घरी पाठवलं होतं. आम्ही तर झोपेतसुद्धा ठेवणार नाही.”

तोवर आत्या शाल गुंडाळून आली होती. मुकादमाशी ती गवताबद्दल बोलत बसली. तो खुलला. पूर्वी सूर्य उगवायच्या आधीच लांब काठ्या फिरवून त्याची माणसं इथलं दव झाडून टाकत आणि मग गवत कापत. हल्ली हुकूम आला होता, की मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करा, इकडे शेवटी या.

“हुकूम कोणाचा?”

“जावईसाहेबांचा. यंत्राच्या आवाजाने बाईसाहेबांची झोप मोडते म्हणून.”

“मायेचं माणूस,” डॉक्टर म्हणाले. त्यांचे मोजे ओलेचिंब झाले होते. “आत्या, मला कशाला पाठवलं होतंस? काही दिसलं नाही मला.”

“मलाही दिसलं नाही,” आत्या समाधानाने म्हणाली. “रेघ जशी होती तशीच आहे.”

नाश्त्यानंतर तिने एकेकाची गाठ घेतली. धाकटे साहेब, म्हणजे कॅप्टनांचे भाऊ, क्लबच्या खोलीत एकटेच बसून काठ्या पुसत होते. माणूस तुसडा. भावाशी त्यांचं शेवटचं वर्षभर वाकडं होतं, कारण क्लबच्या कारभारात भाऊ त्यांना विचारत नसे. त्या पहाटे कुठे होता, या प्रश्नावर ते म्हणाले, “झोपलो होतो. एकटाच. लग्न केलं असतं तर साक्षीदार असता.” मग पुसता पुसता थांबले. “दादा माझ्याशी शेवटचं बोलला ते भांडणच. ते मला रोज ऐकू येतं. वहिनींना तो दिसतो. मला ऐकू येतो. ज्याचं त्याचं नशीब.”

जावयाचं ऑफिस प्रशस्त होतं. त्याने कॉफी मागवली, पंखा बंद केला, आत्याच्या पाठीला उशी दिली. कोपऱ्यातल्या टेबलावर समुद्रकाठच्या टुमदार बंगल्यांचा एक छोटा नमुना मांडलेला होता. त्यातली बोटभर झाडं बघून डॉक्टर खूश झाले. शेवटची हिरवळ कुठे दिसत नाही, असं त्यांनी सहज विचारलं. तिथेच बंगले होतील, जावई म्हणाला, पण बाबांना पसंत नव्हतं, आता आईंनाही नाही. असू दे, घाई कसली? खेळ आपल्याला येत नाही, गोल्फची काठी आपण कधी हातात धरली नाही, हेही त्याने हसत सांगितलं.

“आणि त्या पहाटे?”

“फोन वाजला तेव्हा मी गाढ झोपेत होतो. बायकोला उठवलं आणि तसाच धावत सुटलो. अजून ती घंटा कानांत वाजते.” त्याने डोळे मिटले. डॉक्टरांना फार वाईट वाटलं.

मामाशी आत्या एकटीच बोलली, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. बाहेर आली तेव्हा मामा टेबलावर डोकं टेकून बसलेला डॉक्टरांना दारातून दिसला.

“मला तर सकाळीच कळलं होतं,” डॉक्टर जिन्यात म्हणाले. “जेवणघरात आपल्यामागे तोच होता. सूप त्यानेच प्यायलं. म्हणजे रेघही त्याचीच. म्हातारा दिसतो गरीब, पण आतल्या गाठीचा आहे.”

“अर्धं बरोबर.”

“कोणतं अर्धं?”

“प्यायलेलं.”

दुपारी आत्याने बाईसाहेबांकरवी एक निरोप फिरवला. उद्या वर्ष होतंय, तर प्रत्येकाने कॅप्टनांची बॅग एकदा शेवटच्या झेंड्यापर्यंत न्यावी, तिथे क्षणभर उभं राहावं आणि परत आणावी. क्लबच्या पायऱ्यांवर सगळे जमले. आभाळ राखाडी होतं, समुद्रही त्याच रंगाचा.

धाकट्या साहेबांनी बॅग नेली, हिरवळीच्या बाहेर उतारावर टेकवली आणि हात मोकळे ठेवून झेंड्यापाशी मान खाली घालून उभे राहिले. मुकादमानेही तसंच केलं. मामाने बॅग खाली ठेवलीच नाही. झोपलेलं मूल उचलून घ्यावं तशी ती छातीशी धरून तो हिरवळीच्या कडेलाच थांबला. जावई बॅग घेऊन थेट झेंड्याशी गेला, ती तिथे उभी केली आणि बराच वेळ डोळे मिटून राहिला. धाकट्या साहेबांनी तोंड फिरवलं. बॅग भलती जड असणार, एवढंच डॉक्टरांनी मनात टिपलं.

संध्याकाळी खिडकीजवळ दोन टेबलं जोडून सगळे जेवायला बसले. एक पाहुणा जास्त होता, गेल्या वर्षी कॅप्टनांचा मृत्यू अपघात म्हणून नोंदवणारा इन्स्पेक्टर. रिकाम्या खुर्चीपुढे आज ताट मांडलेलं नव्हतं. पुडिंग आल्यावर आत्याने चमचा खाली ठेवला.

“बाईसाहेब, मी जे सांगणार आहे त्याने तुम्हाला आधी फार दुखेल,” ती म्हणाली. “या घरात दोन भुतं आहेत. एक आतलं, एक बाहेरचं. तुम्ही दोघांना एकच समजलात, सगळेच समजले. पण आतल्या भुताने तुम्हाला जेवायला लावलं आणि बाहेरचं तुम्हाला कड्यावर बोलावतंय. ज्याला जीव घ्यायचाय तो आधी जेवू कशाला घालेल?”

ती सांगत गेली. सूप पिणारा खुर्चीत बसलाच नव्हता. उजव्या बाजूला उभा राहून, वाकून, घाईने घास घेत होता, म्हणून चुरा खुर्चीच्या उजवीकडे. तिथे बसलेलं कोणी पाहणार नव्हतं, बसला असता तर काम सोपं झालं असतं. पण जन्मभर पाहुण्यांच्या मागे उभं राहिलेल्या माणसाला मालकाच्या खुर्चीत बसणं जमलं नाही, भूत होऊनसुद्धा.

मामा भिंतीशी उभा होता. “तुम्ही जेवत नव्हता, बाईसाहेब,” तो म्हणाला. “ताटं तशीच परत यायची. मला बघवेना. एकदा करून पाहिलं, आणि तुम्ही जेवलात. मग थांबता येईना.”

बाईसाहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“म्हणजे ते आले नव्हते?”

“नाही बाईसाहेब.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

त्यांनी मान हलवली. डॉक्टरांना वाटलं, त्या रडतील. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आता बाहेरचं,” आत्या म्हणाली. “बारीक गवतावर पाऊल उमटत नाही, दव पुसलं जाऊन रेघ उठते. आणि रेघेला तोंड नसतं. माझा भाचा आज तिच्यावरून गेला आणि आलाही. वरून काडीचा फरक दिसला नाही. ती रेघ कड्याकडे जाते असं तुमच्या मनाने ठरवलं, बाईसाहेब. कोणीतरी अंधारात जाऊन त्याच वाटेने परत येत होतं. पण तुम्ही खिडकीत येईपर्यंत ते दव तिथे राहायला हवं. मुकादमाची माणसं ते पूर्वी आधीच झाडून टाकत. हल्ली झाडत नाहीत, कारण जावईबापूंचा हुकूम आहे.”

“आईंची झोप मोडू नये म्हणून,” जावई शांतपणे म्हणाला.

“त्या तर पहाटेपासून खिडकीत उभ्या असतात. घरात सगळ्यांना ठाऊक आहे.” आत्याने पाण्याचा घोट घेतला. “बाईसाहेबांनी दोन माणसं पाहिली, हे इथे कोणी खरं मानलं नाही. लेकीने नाही, दिराने नाही. एकट्या जावयाने मानलं. तो रोज विचारतो, दुसरा कोण होता, आठवलं का? ज्याला ते भास वाटतात तो रोज कशाला विचारेल? दुसरा माणूस होता, हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्यालाच ही धास्ती.”

इन्स्पेक्टरने पुडिंग बाजूला सारलं.

“आणि बॅग,” आत्या म्हणाली. “कॅप्टनांनी ग्रीनवर बॅग ठेवली म्हणून पाहुण्याला घरी पाठवलं होतं. मग त्या दिवशी त्यांची स्वतःची बॅग झेंड्याशेजारी कशी उभी होती? त्यांनी ती बाहेरच ठेवली होती, उतारावर, नेहमीसारखी. ती लवकर दिसावी, एकटाच खेळताना पाय घसरला असं वाटावं, म्हणून मागे राहिलेल्याने ती आत आणली, वर टोपी ठेवली. खेळ न येणाऱ्या माणसाला ते शोभून दिसलं असेल. धाकटे साहेब वाटेल ते करतील, पण ते नाही करणार. मुकादमही नाही. दुपारी सगळ्यांनी ते करून दाखवलं. बॅग झेंड्याशी एकानेच ठेवली.”

“सवयींवरून माणसाला फाशी देता का तुम्ही?” जावयाचा आवाज अजूनही मऊच होता. “मी झोपेत होतो. माझ्या बायकोला विचारा.”

“मी नाही विचारणार,” आत्या म्हणाली. “ते तिचं तिनेच ठरवावं.”

लेक टेबलाच्या चादरीकडे बघत होती. तिने जेव्हा तोंड उघडलं तेव्हा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

“तुमचे केस ओले होते.”

“फोन आल्यावर तोंड धुतलं असेल.”

“टॉवेल खांद्यावर होता. साबणाचा वास येत होता. बाबा गेले हे सांगायला आलेला माणूस आधी आंघोळ करतो का हो? वर्षभर ते ओले केस माझ्या डोळ्यांसमोर येत होते. मला वाटायचं, दुःखात काहीही लक्षात राहतं. म्हणून मी कोणाला काही बोलले नाही. तुम्ही झोपलेले होतात, असंच इन्स्पेक्टरसाहेबांना सांगितलं. तुम्ही सांगायला सांगितलं होतं.”

मघापासून मऊ असलेला जावयाचा चेहरा एकदम रिकामा झाला. बंगल्यांसाठी, तो इतकंच म्हणाला, बाबा ऐकून घेतच नव्हते, मी नुसता बोलायला गेलो होतो. मग त्याने सासूकडे पाहिलं. “तुम्हाला कधीतरी माझं तोंड आठवलं असतं.”

“तोंड?” बाईसाहेब म्हणाल्या. “अरे, मला पाठीच दिसल्या होत्या. धुक्यात दोन पाठी. दुसरा कोण ते मला दिसलंच नव्हतं, तर आठवणार काय?”

इन्स्पेक्टर त्याला घेऊन गेला, तेव्हा व्हरांड्याचं दार उघडंच राहिलं आणि वारा रिकाम्या टेबलांवरच्या चादरी फडफडवत राहिला. लेक उठली आणि कोणाकडे न बघता वर गेली. मदत मागायला आली होती ती आईसाठी. आई वाचली होती. डॉक्टरांना त्या मुलीला काहीतरी सांगावंसं वाटत होतं, पण दातांच्या डॉक्टरने अशा वेळी काय सांगायचं?

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. फटफटताच ते आत्याच्या खोलीत गेले. आत्याही जागीच होती, शाल पांघरून खिडकीत. आज तो दिवस होता. दोघंही हिरवळीकडे बघत राहिले. मुकादमाची माणसं लांब काठ्या घेऊन आली आणि दव झाडून गेली, मग सूर्य वर आला. कोणीच बाहेर आलं नाही.

“वर जाऊन बघू या का?” डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

ते वर निघाले तर बाईसाहेब बोळातच भेटल्या, लेकीच्या खोलीच्या दाराशी. कालचीच साडी होती, केस विस्कटलेले होते, हातात चहाचा ट्रे. मामा मागे उभा होता आणि ट्रे माझ्याकडे द्या, माझ्याकडे द्या, असं म्हणत होता. त्या देत नव्हत्या. आतून हुंदक्यांचा आवाज येत होता, दाबलेला, उशीत तोंड खुपसल्यासारखा.

“रात्रभर अशीच आहे,” बाईसाहेब हलक्या आवाजात म्हणाल्या. “पाणीसुद्धा घेत नाही. म्हणते, मीच आणला त्याला या घरात.”

आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “आणि तुम्ही? आज सकाळी जाणार होतात.”

बाईसाहेबांनी कोपराने दार ढकललं.

“आता कुठली जाते?” त्या म्हणाल्या. “मला मरायला सवड नाही.”

त्या आत गेल्या आणि त्यांनी पायानेच दार लोटून घेतलं. बाहेर आत्या, डॉक्टर आणि मामा बराच वेळ उभे होते. आतून आईचा आवाज येत राहिला, हळू, एकसारखा, लेकीला एक घोट तरी घे म्हणणारा.